बार कोणी भरला?



हलका धान कापून झाला, कडपा उचलल्या, पुंजणेही रचून ठेवले. भारी धान अजून उभा आहे आणि त्याची राखण सुरू आहे. या पानावर मी एरवी तुडतुडा, करपा, बोडीतलं पाणी असंच लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. शेतीचाच आहे, पण फिरून शेतावर यायला थोडा वेळ लागेल. वाचा.

यंदा दिवाळीला माझा भाचा आला होता. नागपूरच्या बहिणीचा मुलगा. सतरा-अठरा वर्षांपासून अमेरिकेत आहे, आता तिथलाच नागरिक झाला. कॉम्प्युटरचं काम करतो आणि सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या स्पर्धेत जातो. तिकडे तो छंद आहे, जसा आपल्याकडे शंकरपट. (शंकरपटात खर्च जास्त की नेमबाजीत, यावर त्याचा माझा वाद झाला. निकाल लागला नाही.)

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्यासोबत शेतावर आला. मचाणावर बसलो, चहा प्यालो. तेव्हा त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्याच्या घराच्या गॅरेजात टेबलावर बसवलेलं लोखंडी यंत्र, त्याला एक लांब दांडा. दांडा खाली ओढला की खट् आवाज आणि बाजूच्या डब्यात एक तयार काडतूस. परत दांडा, परत काडतूस.

मी विचारलं, "हे घरी करता तुम्ही? पोलीस काही म्हणत नाही?"

"मामा, तिकडे स्वतःच्या वापरापुरतं भरायला वेगळा परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो."

आपल्याकडे तसं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणी तरी खाली विचारेल की यंत्र कुठे मिळतं. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक काय, दारूगोळाही तयार करता येत नाही. तेव्हा तो विचार डोक्यातून काढा. मी यंत्राबद्दल लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी.

त्या यंत्राला प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. स्लॅब टाकताना घमेल्याची साखळी पाहिली असेल तर ते लगेच समजतं. पाच माणसं ओळीनं उभी असतात, प्रत्येकाच्या हातात एक घमेलं, आणि एका हालचालीत सगळी घमेली एक-एक जागा पुढे सरकतात. इथं माणसांच्या जागी एक गोल थाळी आहे. थाळीवर रिकामी पितळी नळकांडी उभी असतात. दांडा एकदा ओढला की पहिल्या जागी जुनी टोपी निघते आणि नळकांडं आकारात येतं, दुसऱ्या जागी दारू पडते, तिसऱ्या जागी गोळी बसते, चौथ्या जागी तोंड आवळलं जातं. चारही कामं एकाच वेळी, चार वेगळ्या नळकांड्यांवर. नवी टोपीही त्याच ओघात बसते. म्हणून दर ओढीला एक काडतूस तयार. जुन्या साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम व्हायचं, शंभर काडतुसांना संध्याकाळ जायची. यावर तासाला तीन-चारशे होतात म्हणे.

तिकडे डिलन, हॉर्नडी, ली अशा कंपन्यांची ही यंत्रं मिळतात. लोक त्यावर तसेच भांडतात जसे आपण ट्रॅक्टरच्या कंपनीवर भांडतो. भाच्यानं गेल्या वर्षी आपली जुनी प्रेस विकून दुसरी घेतली. जुनी चांगली चालत होती. मला वाटलं पैसा जास्त झाला असेल. मी तसं म्हटलंही.

तो म्हणाला, "नाही मामा. भीती बसली."

त्याच्या जुन्या प्रेसची थाळी हातानं फिरवायची होती. म्हणजे दांडा ओढायचा, सोडायचा, मग बोटानं थाळी एक घर पुढे सरकवायची. पुष्कळ लोकांना तेच आवडतं, कारण काम आपल्या चालीनं होतं. एका रात्री काम सुरू असताना त्याचा फोन वाजला. उठला, दोन मिनिटं बोलला, परत येऊन बसला आणि दांडा ओढला. नंतर त्याच्या लक्षात आलं की फोनच्या आधी थाळी सरकवली होती की नाही ते आठवत नाही. नसेल सरकवली, तर दारूच्या जागेवरच्या नळकांड्यात दोनदा दारू पडली. पिस्तुलाच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की दोन माप पडले तरी नळकांडं ओसंडत नाही. वरून गोळी बसते, तोंड आवळलं जातं, आणि ते बाकीच्या काडतुसांसारखंच दिसतं. असं काडतूस उडवलं तर बंदूक हातात फुटते.

मी म्हटलं, "मग तोलून पाहायचं."

"तोललं ना. प्रत्येक नळकांड्याच्या आणि गोळीच्या वजनातच थोडा थोडा फरक असतो. दारूचा फरक त्यात लपून जातो. खात्रीनं काही सांगता येत नाही."

त्या रात्री त्यानं डब्यातली सगळी काडतुसं एकेक करून मोडली. तीनशेच्या वर होती. त्यासाठी हातोड्यासारखं एक अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी सुटून येते. पहाटेपर्यंत आपटत बसला. एकात दुप्पट दारू सापडली.

हे ऐकलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्याला वाटलं मामा घाबरला. मला आठवलं ते त्याच्या जन्माच्या आधीचं होतं.

आमच्या घरी भरमार बंदूक होती. नव्या पोरांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. भरमार म्हणजे तोंडातून भरायची बंदूक. तिला काडतूस नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंध्या ठासायच्या, मग छर्रे, परत चिंध्या. ठासायला एक लांब लोखंडी सळी, तिला गज म्हणतात. शेवटी मागच्या बाजूला घोड्याखालच्या बोंडीवर तांब्याची टोपी चढवायची. टोपी चढली की बार उडायला तयार. टोपी नाही तर घोडा पडूनही काही होत नाही. या दोन वाक्यांत पुढची सगळी गोष्ट आहे, म्हणून लक्षात ठेवा.

परवाना आजोबांच्या वेळचा, नंतर बाबांच्या नावावर झाला. शेत-राखणीचा परवाना. शस्त्र कायद्यातच लिहिलं आहे की पिकाच्या खऱ्या राखणीसाठी भरमार बंदुकीचा परवाना देता येतो. आमची बांधी जंगलाला लागून, बोदलकसा तलावाच्या वरच्या अंगाला. पलीकडे नागझिरा. १९७० साली त्याचं अभयारण्य झालं आणि १९७२ साली वन्यजीव कायदा आला. त्यानंतर बाबांनी डुकरावर छर्रे चालवणं बंद केलं. फक्त दारू आणि चिंधी ठासून रिकामा बार काढायचे. आवाज असा की तलावाच्या पाण्यावरून परत यायचा. डुक्कर दोन रात्री फिरकत नसे. तिसऱ्या रात्री यायचंच.

ही गोष्ट १९८६ ची. मी दहावीला होतो. कार्तिक सुरू होता, भारी धान लोंबीवर. बाबा जेवायला घरी गेले आणि मला मचाणावर बसवून गेले. बंदुकीला हात लावायचा नाही असं ते कधी बोलले नव्हते. बोलायची गरज वाटली नसेल. बोडीकडून खसखस आली. मी खाली उतरून डबा वाजवला, आवाज थांबला, परत सुरू झाला. मग मी मचाणावर येऊन बंदूक भरली. बाबांना कैकदा भरताना पाहिलं होतं. दारू घातली, चिंधी ठासली. मग थैलीतून छर्रे घेतले. का घेतले, ते आजही नीट सांगता येत नाही. सोळा वर्षांच्या पोराला रिकामा बार भरायची लाज वाटली असेल. परत चिंधी ठासली. टोपी चढवणार एवढ्यात डुकरं निघून गेली. आवाज दूर गेला, जंगलाच्या बाजूला. मी टोपी चढवली नाही. बंदूक होती तशी मचाणाच्या खांबाला टेकवली आणि टेंभा घेऊन पश्चिमेच्या धुऱ्यावर गेलो, किती नासलं ते पाहायला.

बाबा तेवढ्यात परत आले. डुकरं बोडीच्या अंगानं पुन्हा शिरली होती. बाबांनी बंदूक घेतली. बोंडीवर टोपी नव्हती, म्हणजे बंदूक रिकामी. त्यांच्या हिशेबानं बरोबरच होतं, कारण त्या घरात बंदूक भरणारा माणूस एकच होता. त्यांनी दारू घातली, चिंधी ठासली, टोपी चढवली.

मी धुऱ्यावर होतो. आवाज वेगळा आला. उजेडही वेगळा दिसला, पुढे जायच्या ऐवजी वर गेला.

बोंडी उडाली होती आणि मागची नळी फाकली होती. उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. उजव्या डोळ्यात दारूचे कण गेले, पुढे त्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार कळायचा. उजवा कान कायमचा गेला. बैलगाडीत टाकून तिरोड्याला नेलं, तिथून पुढे. माय गाडीत बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी गाडीच्या मागे पायी. गाडीत जागा होती. मी बसलो नाही.

तीन आठवड्यांनी बाबा घरी आले. मी वाट पाहत होतो की आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. पण त्यांना कळलं होतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण छर्ऱ्यांची थैली त्यांनी खुंटीवरून काढून माझ्या देखत उघडली, आत पाहिलं आणि परत बांधून ठेवली. ते एवढंच बोलले, "गजावर खूण नव्हती."

दोन वर्षांनी परवान्यावर दुसरी भरमार आली, जुनीच, रीतसर नावावर करून. आणल्या दिवशी बाबांनी तिच्या रिकाम्या नळीत गज पूर्ण आत सोडला आणि नळीच्या तोंडाशी जिथे आला तिथे कानशीनं खाच पाडली. मग एक बार भरून परत गज सोडला. आता गज तेवढा वर राहिला. तिथं दुसरी खाच, तिला तांब्याची तार गुंडाळली. त्या दिवसापासून बंदूक हातात घेतली की आधी गज आत सोडायचा. खाच तोंडाशी आली तर रिकामी, तार तोंडाशी आली तर भरलेली. तार वर राहिली तर कोणी तरी दोनदा भरली. टोपीकडे पाहायचंच नाही. आणि मला जवळ बसवून भरायला शिकवलं, पूर्ण, पहिल्यापासून. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "ज्याला येते त्यानं भरावी. अर्धी येते त्यानं भरू नाही."

जुने शिकारी गजावर अशी खूण ठेवत, हे मला फार नंतर समजलं. बाबांनी नवीन काही शोधलं नव्हतं. आजोबांच्या गजावर ती असायला पाहिजे होती, नव्हती, एवढंच.

तर दिवाळीच्या पाडव्याला मचाणावर बसून भाच्याला मी विचारलं, "मग नवीन प्रेसमध्ये काय आहे?"

तो म्हणाला की दोन गोष्टी आहेत. पहिली, थाळी आपोआप फिरते. दांडा ओढून सोडला की ती एक घर पुढे जातेच, माणसाला लक्षात ठेवावं लागत नाही. दुसरी, चार ऐवजी पाच जागा आहेत. दारू पडल्यानंतरची जागा मोकळी ठेवून तिथं एक बारीक सळी बसवता येते. दांडा ओढला की सळी नळकांड्यात उतरते आणि आतल्या दारूवर टेकते. जास्त वर राहिली किंवा जास्त खाली गेली की भोंगा वाजतो.

मी म्हटलं, "म्हणजे गज."

"काय?"

"गजावरची खूण आहे ती."

मग मी त्याला वरची गोष्ट सांगितली. छर्रे मी घातले होते, तेही सांगितलं. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबांचा अंगठा असा कशानं आहे, हे मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, माझ्याच विसरभोळेपणानं."

हे मला माहीत नव्हतं.

नवीन यंत्रानं सगळं ठीक झालं असंही नाही, हे त्यानं आपणहून सांगितलं आणि ते मला आवडलं. आपोआप फिरणारी थाळी कधी टोपी अडकून मधेच थांबते. मग अडकलेलं काढायला दोन-तीन नळकांडी हातानं बाहेर काढावी लागतात आणि परत ठेवावी लागतात. ठेवताना कोणतं कुठलं होतं यात गफलत झाली की जुनी भीती परत उभी. म्हणून त्यानं नियम केला आहे. अडकलं की थाळीवर जे काही आहे ते सगळं वेगळ्या डब्यात, त्यातलं एकही परत वापरायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत. शिवाय यंत्राच्या वर एक छोटा दिवा लावला आहे, की गोळी ठेवायच्या आधी प्रत्येक नळकांड्याच्या तोंडात डोळ्यानं पाहता यावं. भोंगा आहे तरी. मी विचारलं, "भोंगा आहे तर दिवा काहून?" तो म्हणाला, "भोंग्याचा सेल संपला तर तो वाजत नाही ना मामा."

आता शेतावर येतो.

आमची बंदूक आता नाही. बाबा २०१७ ला गेले आणि वारसानं अर्ज करेपर्यंत ती ठाण्यात जमा करावी लागली. मी अर्ज केलाच नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवीन परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, असं वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे, आणि आम्ही तर जंगलाच्या कुशीतच. २०१३ ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. फेऱ्या मारल्या असत्या तर कदाचित मिळाला असता. पण मी गेलो नाही, याचं कारण फेऱ्या नव्हतं.

तसा तिचा उपयोगही कमी झाला होता. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. विधानसभेची निवडणूक २००९ ला १३ ऑक्टोबरला, २०१४ ला १५ ऑक्टोबरला. पाहा बरं, धान कधी लोंबीवर असतो? आचारसंहिता आणि डुक्कर एकाच महिन्यात. बाबा हसून म्हणायचे, डुकरालाही मतदानाची तारीख कळते.

आता झटका मशीन आहे, सौर पॅनलवर चालणारं. जन-वन विकास योजनेत त्याला अनुदान मिळतं, जंगलालगतच्या गावांनी चौकशी करावी. त्याचा झटका साधारण सेकंदाला एकदा आणि क्षणभराचा असतो. जनावर घाबरून मागे हटतं, चिकटून राहत नाही. काही जण पैसे वाचवायला खांबावरची लाइन सरळ तारेत सोडतात. त्यानं डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी पाहायला गेलेला शेजारीही मरतो. कोणी करत असेल तर वाचून आजच काढा. मी त्यावर गोड बोलणार नाही.

दुसरं, पाइपाची कार्बाइड बंदूक. माकडं हाकलायला आपल्याकडेही पोरं बनवायला लागली. याच दिवाळीत भोपाळमध्ये आणि मध्य प्रदेशात इतरत्र शंभरावर लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात मुलं जास्त. पुष्कळ ठिकाणी झालं ते असं, की बार उडाला नाही म्हणून पोरानं पाइपात वाकून पाहिलं आणि तेवढ्यात तो उडाला. पाडव्याच्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एका पोराजवळ तसा पाइप दिसला. भाच्यानं त्याला जवळ बसवून समजावलं, मी नुसता पाइप घेतला आणि कुऱ्हाडीनं फोडला. भाच्याची रीत चांगली, पण मला तेवढा धीर नव्हता. त्याच्या बापाला शंभर रुपये देऊन आलो. पाइप नवा होता.

आणि तिसरं, फवारणी. हे सगळ्यांसाठी आहे. बार दोनदा भरायची चूक बंदुकीसोबत गेली नाही, ती पंपात आहे. पंपात औषध कोणी टाकलं, टाकलं की नाही, हे दोन माणसं काम करताना नेहमी होतं. एक जण औषध टाकून पाणी आणायला जातो, दुसरा येतो, पंपात पाणी पांढुरकं दिसलं न दिसलं, तो परत एक माप टाकतो. धान जळला तर कळतं तरी. पण दुप्पट औषधाचा फवारा वाऱ्यानं फवारणाऱ्याच्या अंगावर येतो, तो दिसत नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्याची कारणं अनेक होती, मी त्यावर बोलायला डॉक्टर नाही. पण माझ्या बांधीत मी रीत पाडली आहे ती सांगतो.

औषध टाकणारा माणूस एकच, दिवसभर तोच. माप बाटलीतून थेट टाकायचं नाही. सकाळी जितके पंप होणार तितक्या छोट्या प्लॅस्टिकच्या डब्या मोजून भरून ओळीनं ठेवायच्या, झाकण लावून. एक पंप, एक डबी. डबी ओतली की ती उलटी करून पंपाच्याच पट्ट्याला दोरीनं लटकवायची. पंप रिकामा झाला की डबी काढून टोपलीत. पट्ट्याला डबी लटकलेली असेल तर औषध पडलं आहे. संध्याकाळी टोपलीतल्या डब्या आणि मारलेले पंप जुळले पाहिजेत. मधे फोन आला, कोणी बोलावलं, आणि शंका आली, तर तो पंप कितीही महागाचा असो, वापरायचा नाही. नाल्यात, बोडीत ओतू नका. वेगळ्या ड्रममध्ये ठेवा आणि औषधवाल्याला किंवा कृषी सहायकाला विचारा. या डब्यांवर मोठ्या अक्षरात "विष" लिहिलं आहे, आणि त्या घरात येत नाहीत, गोठ्याच्या वर कुलपात असतात. मजूर बाया आधी हसल्या, म्हणाल्या भाऊ औषधाचा हळदीकुंकू करते. आता त्याच डबी नसली तर पंप उचलत नाहीत.

इथले कृषी सहायक आणि विद्यापीठाची मंडळी वाचत असतील, तर याहून सोपी रीत असेल ती जरूर सांगा. मोठ्या पंपाला, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या टाकीला, ही डबीची रीत नीट बसत नाही. तिथं मी टाकीच्या झाकणावर खडूनं लिहितो, पण पाण्यानं पुसलं जातं.

माय आता ऐंशीच्या पुढे आहे. हे पान तिला नातू वाचून दाखवतो, तिला बोडी आणि तुडतुड्याचं ऐकायला आवडतं. आजचंही तो वाचून दाखवेल. मी त्याला नको म्हटलं नाही. मी स्वतः समोर बसून सांगायला पाहिजे होतं, पण गाडीच्या मागे चालत गेलो होतो तसंच हे आहे.

भाचा परवा परत गेला. जाताना बाबांच्या पहिल्या बंदुकीचा गज पाहायला मागितला. तो कोठ्यात पाटईला टांगलेला असतो, त्याच्यावर खूण नाही. त्यानं फोटो काढला, यंत्राच्या वर लावतो म्हणाला.

काल रात्री डुकरं पश्चिमेच्या धुऱ्यावरून आत आली, झटका असताना. सकाळी पाहिलं तर मशीन सुरू, तार धड, पण जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळीभोवतीची माती वाळून भेगाळली होती. झटका लागायला जमीन ओली पाहिजे. दोन बादल्या पाणी ओतलं, मीठ आणि कोळसा टाकला. तीन-चार ओंजळी धान तुडवला आहे, जास्त नाही. तुमच्याही सळ्या आज पाहून घ्या, भारी धान निघायला अजून दहा-बारा दिवस आहेत.